उंबरठ्यापासून बाकापर्यंत : मुंबई उपनगरांतील सार्वजनिक मोकळ्या जागा आणि ज्येष्ठांचे आरोग्य

बीजशब्द : ज्येष्ठ नागरिक, सार्वजनिक मोकळ्या जागा, सुगमता, पदपथ, मुंबई उपनगरे

प्रस्तावना

महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि त्यानंतर १९५७ मध्ये वाढविण्यात आली व दुसऱ्या विस्तारात ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. पुढील तीन-चार दशकांत गिरगाव, दादर, लालबाग, परळ येथील चाळींतून बाहेर पडलेली असंख्य मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांत आणि म्हाडाच्या वसाहतींत स्थिरावली. तरुणपणी या पिढीने लिफ्ट नसलेल्या इमारतीतील तिसरा-चौथा मजला निर्धास्तपणे स्वीकारला. आज ती सत्तरी-ऐंशीत आहे. अनेक ठिकाणी इमारत तीच आहे आणि जिनाही तोच आहे. तो चढणारे गुडघे मात्र पूर्वीचे राहिलेले नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. त्याच जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक आणि घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार नोंदविली गेली. इतक्या दाट वस्तीत वृद्ध माणसाने घराबाहेर पडून चालावे, बसावे, बोलावे तरी कोठे, हा प्रश्न वरवर पाहता फावल्या वेळाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा उद्यानांची संख्या आणि क्षेत्रफळ यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात वेगळी भूमिका मांडण्याचा प्रयत्न केला आहे. ज्येष्ठांच्या दृष्टीने मोकळ्या जागेचे मूल्य तिच्या आकारमानावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते घराच्या उंबरठ्यापासून त्या जागेतील बाकापर्यंतच्या वाटेवरील सर्वांत अवघड टप्प्यावर अवलंबून असते. साखळीची एक कडी तुटली की उरलेल्या साऱ्या कड्या निरुपयोगी ठरतात.

मोकळी जागा आणि सुगम जागा

'मोकळी' आणि 'सुगम' या दोन विशेषणांतील अंतर अंधेरी पश्चिमेतील गिल्बर्ट हिलच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा काळ्या बेसॉल्टचा उभा सुळका भूशास्त्रीयदृष्ट्या दुर्मीळ मानला जातो. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे, लहानशी बागही आहे. परंतु तेथे पोहोचण्यासाठी कातळातील उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. नकाशावर ही जागा खुली आहे, संधिवाताने त्रस्त असलेल्या वृद्धेसाठी मात्र ती अस्तित्वातच नाही.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे याचे व्यापक रूप होय. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वनक्षेत्र महानगराला लाभलेले वरदान आहे आणि पहाटे फिरावयास येणाऱ्या ज्येष्ठांची तेथे नित्य वर्दळ असते. तथापि त्याचे मुख्य प्रवेशद्वार पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. बोरिवली पश्चिमेकडील वृद्धाला तेथे जाण्यासाठी आधी रेल्वेमार्ग आणि नंतर महामार्ग ओलांडावा लागतो. आपल्या उपनगरांची रचनाच लोहमार्गाने पूर्व-पश्चिम दुभंगलेली असल्यामुळे, पादचारी पुलाच्या पायऱ्या ज्यांना झेपत नाहीत त्यांच्यासाठी रुळांपलीकडची बाग परगावीच असते. म्हणूनच पश्चिमेकडील वीर सावरकर उद्यान किंवा मुलुंड पूर्वेचे चिंतामणराव देशमुख उद्यान यांसारखी पायी पोहोचता येण्याजोगी मध्यम आकाराची उद्याने ज्येष्ठांच्या दैनंदिन जीवनात विशाल वनक्षेत्राहून अधिक मोलाची ठरू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वयस्नेही शहरांविषयीच्या मार्गदर्शिकेत शहराची तपासणी आठ अंगांनी करण्याचे सुचविले आहे. त्यांत बाह्य जागा व इमारती यांना पहिले स्थान आहे. ३३ शहरांतील ज्येष्ठांशी चर्चा करून ती तयार झाली; भारतातून दिल्ली आणि उदयपूर ही शहरे त्यात सहभागी होती. ज्येष्ठांनी मागितलेल्या गोष्टी साध्या होत्या : बसण्यासाठी जागा, सपाट पदपथ, रस्ता ओलांडण्यास पुरेसा वेळ, स्वच्छतागृह आणि सुरक्षितता.

आरोग्याशी असलेले नाते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व स्नायुबल वाढविणारे व्यायाम करावेत. व्यायामशाळेची वर्गणी न परवडणाऱ्या किंवा तेथे जाण्याचा संकोच वाटणाऱ्या बहुसंख्य वृद्धांसाठी याचा अर्थ एकच असतो, तो म्हणजे चालणे. त्यासाठी रस्ता आणि बाग हीच त्यांची व्यायामशाळा असते.

चालणे थांबले की काय घडते, हे क्रमाने समजून घेणे आवश्यक आहे. उखडलेल्या पदपथावर एकदा पाय अडखळला की मनात पडण्याचे भय बसते. भयापोटी बाहेर जाणे कमी होते. हालचाल घटल्याने मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि मग घरातल्या घरात पडण्याचा धोका वाढतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते भेदणे कठीण असते. उतारवयातील खुब्याच्या अस्थिभंगानंतर अनेकांना पूर्वीचे स्वावलंबन परत मिळत नाही. जगभरात पडण्यामुळे दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना नमूद करते.

दुसरे अंग सामाजिक आहे. स्मृतिभ्रंशाविषयीच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोक्याचे घटक सांगितले. त्यांत शारीरिक निष्क्रियता, सामाजिक एकाकीपण आणि हवेचे प्रदूषण यांचा समावेश आहे. हे तिन्ही घटक कमी-अधिक प्रमाणात मोकळ्या जागांशी निगडित आहेत.

दाट महानगराच्या संदर्भात टोकियो येथील अभ्यास उद्बोधक आहे. ताकानो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात १९०३ ते १९१८ या काळात जन्मलेल्या ३,१४४ व्यक्तींचा पाच वर्षे मागोवा घेण्यात आला. निवासाजवळ चालण्याजोग्या हिरव्या जागा असलेल्या ज्येष्ठांमध्ये जिवंत राहण्याचे प्रमाण अधिक आढळले. वय, लिंग, वैवाहिक स्थिती आणि आर्थिक स्थिती विचारात घेतल्यानंतरही हा संबंध टिकून राहिला. अशा निरीक्षणात्मक अभ्यासावरून कार्यकारणभाव निश्चितपणे सिद्ध होत नाही. तथापि त्यातील भर 'चालण्याजोग्या' या शब्दावर आहे, ही बाब लक्षणीय ठरते.

२०२० च्या टाळेबंदीत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरातच राहावे, अशी केंद्र शासनाची सूचना होती आणि उद्यानेही बंद होती. साथीच्या काळात ती खबरदारी समर्थनीय होती. परंतु जिना, खड्डे आणि बाकाचा अभाव यांमुळे अनेक वृद्ध साथ नसतानाही तशाच बंदिवासात राहतात, याची जाणीव त्या अनुभवातून व्हावयास हवी होती.

अंधेरीतील एक प्रयोग

१३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला परिसरातील एका सार्वजनिक उद्यानात अवघ्या पाच जणांसह हास्य क्लब सुरू केला. प्रारंभी विनोद सांगून हसण्याचा परिपाठ होता. काही दिवसांतच विनोदांचा साठा संपला, काही विनोद सदस्यांना खटकू लागले आणि विनोदावाचून हसण्याची पद्धत रूढ झाली. पुढे ही चळवळ जगभर पसरली. आज उपनगरांतील अनेक उद्यानांत सकाळी वर्तुळ करून उभे राहिलेले ज्येष्ठ हे परिचित दृश्य आहे.

हसण्याच्या औषधी गुणांविषयी केले जाणारे सर्वच दावे स्वीकारण्याची आवश्यकता नाही. या प्रयोगाचे महत्त्व अन्यत्र आहे. ठरलेल्या वेळी उठून बाहेर पडण्यास त्याने कारण दिले, श्वसन व हात-पाय हलविण्याचा सराव दिला आणि एखादा सदस्य दोन दिवस दिसला नाही तर त्याची चौकशी करणारी माणसे दिली. आपल्याकडील गावचा पार, वाड्याचा ओटा आणि चाळीची गॅलरी हेच कार्य करीत असत. उपनगरांत ते 'ज्येष्ठ नागरिक कट्ट्या'कडे आले. मात्र या प्रयोगासाठी पायी पोहोचता येणारे, विनामूल्य आणि सकाळी उघडे असणारे एक सार्वजनिक उद्यान उपलब्ध असणे अनिवार्य होते, हे विसरता येत नाही.

वाटेवरील कड्या

पहिली कडी इमारतीची आहे. पुनर्विकासामुळे अनेक संस्थांना लिफ्ट मिळत आहे, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु त्याचबरोबर तळमजल्यावरील अंगण वाहनतळाखाली जाते आणि दाराशी असलेला कट्टा नाहीसा होतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात विकास नियमावलीनुसार आवश्यक असलेले किमान मनोरंजन मैदान जमिनीच्या पातळीवरच असले पाहिजे, पोडियमवर नव्हे, अशी भूमिका घेतली होती. जमिनीचा स्पर्श आणि झाडांची मुळे ही केवळ सौंदर्याची बाब नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.

दुसरी कडी पदपथाची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधाविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर अडथळाविरहित रुंदी असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. उपनगरांत पदपथ प्रत्येक प्रवेशद्वारापाशी तुटतो. तेथे उतरावे आणि पुन्हा चढावे लागते. सैल झालेले पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यातील शेवाळ आणि दुचाकींना रोखण्यासाठी जवळजवळ रोवलेले खांब यांमुळे काठी किंवा वॉकर घेऊन चालणारा वृद्ध अखेर रस्त्यावरून चालणे पसंत करतो.

तिसरी कडी चौकाची. सिग्नलची वेळ ठरविताना पादचाऱ्याचा वेग सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर गृहीत धरला जातो. २४ मीटर रुंदीचा रस्ता या वेगाने २० सेकंदांत ओलांडता येतो. अनेक वृद्धांचा वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास असतो. त्यांना ३० सेकंद लागतात. या दहा सेकंदांच्या तुटीत वृद्ध माणूस दुभाजकावर अडकतो. मुलुंडच्या पाच रस्त्यासारख्या अनेक दिशांनी वाहने येणाऱ्या चौकात ही तूट अधिकच जाचक ठरते. सिंगापूरने २००९ पासून ज्येष्ठांना विशेष कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवून हिरव्या दिव्याची मुदत वाढविण्याची सोय उपलब्ध करून दिली. आपल्याकडे २००८ पासून उभारल्या गेलेल्या स्कायवॉकनी मात्र वाहनांऐवजी पादचाऱ्यालाच जिना चढावयास लावले.

चौथी कडी प्रवेशद्वाराची. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून बसविलेले नागमोडी लोखंडी दार चाकाच्या खुर्चीलाही बाहेर ठेवते. चाकाच्या खुर्चीसाठी सुमारे ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी आणि एकास बारा या प्रमाणाहून अधिक नसलेला उतार पुरेसा होतो. त्यासाठी लागणारा खर्च अत्यल्प आहे.

पाचवी कडी बाकाची. आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेले आणि लोकप्रतिनिधींच्या निधीतून बसविलेले बाक उपनगरांत पुष्कळ आढळतात. त्यांतील अनेकांना हात टेकण्यासाठी दांडे नसतात. बसलेल्या स्थितीतून उठताना मांडीच्या स्नायूंवर मोठा भार येतो आणि तो हातांनी वाटून घेता आला नाही तर वृद्ध व्यक्ती बसणेच टाळते. सुमारे ४५ सेंटिमीटर उंची, पाठीला टेकू आणि दोन्ही बाजूंना दांडे एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. बाक केवळ बागेत असून भागत नाही. वाटेवरही दर शे-दीडशे मीटरवर विसावा लागतो. या संदर्भात बोरिवलीच्याच कान्हेरी लेण्यांचे स्मरण होते. तेथील अनेक विहारांत दगडातच कोरलेली बाके आहेत आणि जवळच पाण्याची टाकी आहेत. सावली, बैठक आणि पाणी ही त्रयी त्या शिल्पींनी आवश्यक मानली होती.

सहावी कडी स्वच्छतागृहाची. मधुमेह, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ आणि रक्तदाबावरील काही औषधे यांमुळे वारंवार लघवीस जावे लागते. जवळ स्वच्छ व उघडे स्वच्छतागृह नसेल तर वृद्ध व्यक्ती पाणी पिणे कमी करते किंवा बाहेर पडतच नाही. वयानुसार तहानेची जाणीव आणि घाम येण्याची क्षमता आधीच कमी झालेली असते. त्यामुळे मुंबईच्या दमट उन्हाळ्यात हा पाण्याचा संकोच घातक ठरू शकतो.

उद्यानात पोहोचल्यानंतरही विवेक आवश्यक आहे. खडे बसविलेले ॲक्युप्रेशर मार्ग लोकप्रिय आहेत. परंतु मधुमेहामुळे तळपायाची संवेदना मंदावलेल्या व्यक्तीस त्यावर अनवाणी चालताना झालेली जखम कळत नाही. खुल्या व्यायामशाळांतील उपकरणेही बहुधा तरुण शरीर गृहीत धरून बसविली जातात. तोल सांभाळण्याच्या सरावासाठी दोन समांतर कठडे त्यांहून अधिक उपयुक्त ठरतील.

विषमतेचा प्रश्न

ज्येष्ठ नागरिक हा एकजिनसी वर्ग नव्हे. घाटकोपर-असल्फा परिसरातील टेकड्यांवरील वस्त्यांत घरापासून रस्त्यापर्यंत अरुंद, असमान पायऱ्यांची गल्ली उतरावी लागते. ज्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने २०१४ मध्ये लिफ्टसह स्थानके आणली, त्याच मेट्रोच्या असल्फा स्थानकाकडे पाहत वरच्या वस्तीतील वृद्ध घरातच बसून राहतो. अशा ठिकाणी मोठे उद्यान मागण्याआधी पायऱ्यांना कठडा, प्रत्येक वळणावर बसण्याजोगा चौथरा आणि रात्रीचा दिवा मागणे अधिक वास्तववादी होय.

स्त्रियांची स्थितीही निराळी आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हाय लॉयटर?' या मुंबईविषयक ग्रंथात स्त्रीच्या निरुद्देश बाहेर रेंगाळण्याच्या हक्काची मांडणी केली. उतारवयातही हा प्रश्न संपत नाही. आजोबा कट्ट्यावर बसतात. आजी बागेत येते ती बहुधा नातवंडाला घेऊन किंवा भाजी आणता आणता. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' चळवळीने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांचा मुद्दा सार्वजनिक चर्चेत आणला. त्याचा सर्वाधिक लाभ ज्यांना व्हावा त्यांत वृद्ध स्त्रियांची गणना करावी लागेल.

कायदा आणि धोरण

१९९९ च्या राष्ट्रीय वृद्ध धोरणानंतर २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा झाला. त्याचा भर निर्वाह, वृद्धाश्रम, वैद्यकीय सेवा आणि जीवित व मालमत्तेचे संरक्षण यांवर आहे; रस्ता आणि बाग त्यात येत नाहीत. ही उणीव काही अंशी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने भरून निघते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारसवजा न ठेवता बंधनकारक करण्याचे निर्देश दिले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला. दिव्यांगांसाठी केलेला उतार गुडघेदुखीच्या वृद्धाला आणि बाळगाडी ढकलणाऱ्या आईलाही उपयोगी पडतो, म्हणून या दोन्ही निर्णयांचा व्यापक अर्थ लावला पाहिजे.

केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा व्यक्त केली आहे. मुंबई तिच्या जवळपासही नाही आणि नजीकच्या काळात पोहोचण्याची शक्यताही दिसत नाही. त्यामुळे आरक्षित भूखंड टिकविण्याचा आग्रह सोडता येणार नाही. परंतु नवी जमीन मिळेपर्यंत आहे त्या जागेची वाट मोकळी करणे हाती आहे.

महाविद्यालयांची भूमिका

या कामी महाविद्यालये प्रत्यक्ष सहभाग देऊ शकतात. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आणि मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन व विस्तार विभाग यांच्या माध्यमातून विद्यार्थ्यांना परिसरातील एका उद्यानाभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरची 'वाट-तपासणी' करता येईल. मोजपट्टी, घड्याळ आणि नकाशा एवढी साधने पुरेशी आहेत. पदपथाची रुंदी व कडेची उंची, सिग्नलचे सेकंद, प्रवेशद्वाराची रुंदी, बाकांतील अंतर, दांडे असलेल्या बाकांची संख्या, स्वच्छतागृहाच्या उघडण्याच्या वेळा आणि दुपारी चार वाजता कोणत्या बाकावर सावली असते, या नोंदी घ्याव्यात. भूगोल विभागाने नकाशा करावा, मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी मुलाखती घ्याव्यात, मराठी विभागाने अहवाल सुबोध भाषेत लिहावा आणि तो स्थानिक ज्येष्ठ नागरिक संघासह महापालिकेच्या प्रभाग कार्यालयास सादर करावा. तपासणीत ज्येष्ठांना सोबत घेणे अत्यावश्यक आहे, कारण विशीतील विद्यार्थ्याच्या पायांना दोनशे मिलिमीटरची पायरी जाणवतच नाही. ज्या महाविद्यालयांकडे मैदान आहे त्यांनी पहाटेचे दोन तास ते परिसरातील ज्येष्ठांसाठी खुले ठेवण्याचाही विचार करावा.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी सार्वजनिक मोकळी जागा ही घरापासून सुरू होणारी अखंड व्यवस्था आहे. अंधेरीतील हास्य क्लबसारखे उपक्रम या व्यवस्थेच्या शेवटच्या टोकाला बहरतात. आधीच्या कड्या सांभाळल्या नाहीत तर त्यांचा लाभ सशक्त वृद्धांपुरताच मर्यादित राहतो. ज्याला चालण्याची सर्वाधिक गरज आहे तोच घरात अडकतो, हा या प्रश्नातील खरा पेच आहे. कठडा, उतार, दांड्याचा बाक, सिग्नलचे दहा सेकंद आणि उघडे स्वच्छतागृह यांपैकी कोणतीही गोष्ट नव्या भूसंपादनाची वाट पाहत नाही. त्यांपैकी आपल्या परिसरात प्रथम काय दुरुस्त व्हावे, हे तेथील वृद्धांना विचारून ठरविणे ही या कामाची सुरुवात ठरेल.